थायरॉईडचा जमाखर्च : उपचारांतील तोल आणि वारशाची चिंता

न्यासाच्या वार्षिक अहवालात हिशेबपत्रके, देणगीदारांची नामावली आणि विभागवार कामाचा आढावा यांच्या जोडीने एखादा आरोग्यविषयही सविस्तर मांडावा, असा प्रघात आहे. यंदा आम्ही थायरॉईड ग्रंथीचे विकार हा विषय निवडला आहे. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. रुग्णालयाचे प्रशासन पाहणे हे आमचे काम. त्यामुळे वैद्यकीय सल्ला देण्याचा अधिकार आम्हांस नाही आणि तसा हेतूही नाही. तथापि नोंदणीची खिडकी, प्रयोगशाळेचा अहवाल-कक्ष आणि औषध-भांडार या तीन ठिकाणी रुग्ण जे बोलतात ते डॉक्टरांच्या कानी पडण्याआधी प्रशासनाच्या कानी पडते. खंडाळा, कुणे, कुरवंडे, कार्ला, वेहेरगाव अशा गावांतून येणाऱ्या भगिनींचे दोन प्रश्न तेथे नित्य ऐकू येतात. एक, 'ही गोळी आता जन्मभर का?' आणि दुसरा, बहुधा खालच्या आवाजात, 'हे माझ्या मुलीला होईल का?'

पहिल्या प्रश्नाचे समाधान झाले नाही तर रुग्ण गोळी मध्येच सोडतो. दुसऱ्याचे समाधान झाले नाही तर आजार लपविला जातो, आणि लपविलेला आजार नेमका गरोदरपणात उघडा पडतो. म्हणून आमच्या वैद्यकीय सहकाऱ्यांशी विचारविनिमय करून या दोन्ही प्रश्नांची उत्तरे येथे सोप्या भाषेत मांडीत आहोत.

ग्रंथी आणि तिचे मागणीपत्र

गळ्याच्या पुढच्या भागात, श्वासनलिकेला बिलगून, फुलपाखराच्या आकाराची सुमारे २० ग्रॅम वजनाची ही ग्रंथी असते. आहारातून मिळणाऱ्या आयोडीनपासून ती टी-४ म्हणजे थायरॉक्सिन आणि टी-३ ही दोन संप्रेरके तयार करते. शरीरातील प्रत्येक पेशीने किती वेगाने काम करावे हे या संप्रेरकांवर ठरते. हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, अंगातील ऊब, मासिक पाळीची नियमितता, लहान मुलांच्या मेंदूची वाढ या सर्वांवर त्यांचा अंमल चालतो.

मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी या साठ्यावर देखरेख ठेवते. आमच्या भांडारविभागाची उपमा येथे चपखल बसते. वॉर्डात औषधांचा साठा कमी झाला की परिचारिका भांडाराकडे मागणीपत्र पाठवितात. साठा जितका कमी, तितकी मागणी मोठी. पियुषिका ग्रंथीचे मागणीपत्र म्हणजे टी.एस.एच. हे संप्रेरक. रक्तात थायरॉक्सिन कमी पडले की टी.एस.एच. वाढते, थायरॉक्सिन जास्त झाले की टी.एस.एच. घटते. अहवालात टी.एस.एच. वाढलेले दिसले की 'थायरॉईड वाढले' असा समज पुष्कळांचा होतो. प्रत्यक्षात अर्थ उलटा आहे. मागणी वाढली, कारण माल कमी आहे.

माल कमी पडण्याच्या स्थितीस हायपोथायरॉईडिझम म्हणतात. थकवा, थंडी न सोसणे, बद्धकोष्ठता, त्वचा कोरडी पडणे, केस गळणे, पाळीत अतिरिक्त रक्तस्राव, वजनात थोडी वाढ ही त्याची लक्षणे. माल अतिरिक्त होण्याच्या स्थितीस हायपरथायरॉईडिझम म्हणतात. त्यात छातीत धडधड, हातांना कंप, घाम आणि भूक चांगली असूनही वजन घटणे ही लक्षणे दिसतात. प्रौढांमध्ये टी.एस.एच.ची सर्वसाधारण मर्यादा दर लिटरला ०.४ ते ४ मिलियुनिटच्या आसपास धरली जाते. प्रयोगशाळेगणिक आणि वयोमानाप्रमाणे तिच्यात थोडा फरक पडतो.

हा विकार किती पसरलेला आहे, याची कल्पना एका पाहणीवरून येते. मुंबई व गोवा यांसह देशातील आठ शहरांत ५ हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी करण्यात आली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार सुमारे ११ टक्के प्रौढांत हायपोथायरॉईडिझम आढळला. स्त्रियांतील प्रमाण पुरुषांच्या सुमारे तिप्पट होते. म्हणजे हा आजार जडलेली स्त्री काही अपवाद नव्हे. तिच्याच आळीत आणखी कोणी तरी तीच गोळी घेत असते.

मीठ, पाऊस आणि आयोडीन

अतिवृष्टीच्या डोंगराळ भागात जमिनीतील आयोडीन पाण्याबरोबर वाहून जाते, ही गोष्ट शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात डॉ. वुलिमिरी रामलिंगस्वामी यांनी १९५६ पासून केलेल्या अभ्यासाने आयोडीनयुक्त मिठामुळे गलगंड कमी होतो हे दाखवून दिले. त्या आधारावर केंद्र शासनाने १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. हिमालयाबाहेरच्या राज्यांतही आयोडीनची उणीव आढळल्यावर आणि गलगंडाखेरीज मुलांच्या बुद्धीवरही तिचा परिणाम होतो हे स्पष्ट झाल्यावर १९९२ मध्ये कार्यक्रमाचे नाव 'राष्ट्रीय आयोडीन न्यूनता विकार नियंत्रण कार्यक्रम' असे करण्यात आले. २००६ पासून खाण्यासाठी विनाआयोडीन मीठ विकण्यास देशभर पुन्हा बंदी आहे.

आपल्या भागातील पाऊस सर्वांच्या परिचयाचा आहे. आषाढ-श्रावणात घराच्या भिंतींना पाणी सुटते, तेथे मिठाची काय कथा! उघड्या बरणीतील ओल्या मिठातून आयोडीन हळूहळू उडून जाते. म्हणून मीठ घट्ट झाकणाच्या बरणीत, चुलीपासून दूर ठेवावे. मात्र आयोडीनयुक्त मीठ खाल्ल्याने सर्व थायरॉईड विकार टळतात असे नाही. आज आढळणाऱ्या हायपोथायरॉईडिझमचे प्रमुख कारण आयोडीनची उणीव हे नसून शरीराच्या स्वतःच्याच संरक्षण-यंत्रणेने ग्रंथीवर केलेला हल्ला हे आहे. जपानी शल्यविशारद हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले, म्हणून त्यास हाशिमोतो विकार म्हणतात. असे निदान झालेल्या रुग्णाने समुद्री शैवालाच्या गोळ्या किंवा आयोडीनची जादा औषधे स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. त्यांनी विकार बळावू शकतो.

'जन्मभर का?'

१८९१ मध्ये इंग्लंडमधील डॉ. जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईड ग्रंथीचा अर्क ४६ वर्षे वयाच्या एका महिलेस टोचला. तोवर हा विकार असाध्य मानला जाई. ती महिला त्या उपचारावर पुढे २८ वर्षे जगली. १९१४ मध्ये अमेरिकेतील एडवर्ड केंडॉल यांनी थायरॉक्सिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले आणि १९२७ पर्यंत ते प्रयोगशाळेत तयार करता येऊ लागले. आज रुग्ण घेतो ती लेव्होथायरॉक्सिनची गोळी म्हणजे ग्रंथी जे संप्रेरक बनविते नेमके तेच. या गोळीची 'सवय' लागत नाही. ती शरीराची तूट भरून काढते. तूट कायमची असेल तर भरणाही कायमचा. गोळी सोडल्यावर त्रास होतो तो गोळीमुळे नव्हे, तूट पुन्हा उघडी पडल्यामुळे.

तथापि प्रत्येक तूट कायमची असतेच असे नाही. प्रसूतीनंतरच्या वर्षात काही स्त्रियांच्या ग्रंथीला सूज येते. आधी संप्रेरक वाढते, मग घटते आणि पुष्कळदा पूर्ववत होते. टी.एस.एच. किंचित वाढलेले पण १० च्या खाली आणि टी-४ योग्य असेल तर डॉक्टर अनेकदा लगेच गोळी न देता काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करण्यास सांगतात. म्हणून 'माझी तूट कोणत्या कारणाने आहे?' हा प्रश्न रुग्णाने डॉक्टरांना अवश्य विचारावा. जन्मभराचे उत्तर त्यावर अवलंबून आहे.

तोल बिघडतो तो कोठे

गोळी चालू असूनही टी.एस.एच. वर-खाली होत राहते, अशी तक्रार घेऊन येणारे रुग्ण पुष्कळ. अशा वेळी मात्रा वाढविण्याआधी गोळी कशी घेतली जाते हे पाहावे लागते. पुढील बाबी तेथे वारंवार आढळतात.

पहिली बाब वेळेची. गोळी सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहा, कॉफी, दूध वा नाश्ता घेऊ नये. पहाटेची लोकल गाठून पुण्याकडे नोकरीस जाणाऱ्या मंडळींना हे जमत नाही. त्यांनी डॉक्टरांना विचारून रात्री झोपताना, जेवणानंतर तीन तासांनी गोळी घेण्याची सोय करून घ्यावी. वेळ कोणतीही असो, ती रोज एकच असावी. एकादशी, नवरात्र वा रोजा असला तरी गोळी बंद करू नये. उपवास धरणाऱ्यांनी तिची वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवावी.

दुसरी बाब इतर गोळ्यांची. लोह आणि कॅल्शियम ही दोन्ही थायरॉक्सिनला आतड्यात बांधून ठेवतात. गरोदर मातांना शासकीय कार्यक्रमातून आशा कार्यकर्तीमार्फत याच गोळ्या मिळतात. त्या घेतल्याच पाहिजेत, पण थायरॉईडच्या गोळीपासून चार तासांच्या अंतराने. आम्लपित्तावर वर्षानुवर्षे घेतल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनीही थायरॉक्सिनचे शोषण कमी होते.

तिसरी बाब साठवणुकीची. लेव्होथायरॉक्सिनला दमट हवा, उष्णता आणि प्रकाश यांचे वावडे आहे. बाटलीचे झाकण सैल राहिले, गोळ्या ओल्या हाताने काढल्या किंवा बाटली स्वयंपाकघरात शेगडीच्या वरच्या फळीवर ठेवली, तर गोळी दिसायला गोळीच राहते, पण तिचे बळ ओसरते. खंडाळा-लोणावळ्याच्या पावसाळ्यात ही खबरदारी दुप्पट घ्यावी. न्हाणीघरातील कपाट टाळावे, बाटलीतील ओलावा शोषणारी पुडी फेकू नये आणि मोठी बाटली एकदम घेण्याऐवजी शक्यतो लहान घ्यावी.

चौथी बाब घाईची. थायरॉक्सिन शरीरात सावकाश जमा होते व सावकाश ओसरते. निम्मे ओसरण्यास सुमारे सात दिवस लागतात. त्यामुळे मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांच्या आत तपासणी केल्यास आकडा अर्धवट निघतो. बँकेत धनादेश वटण्याआधी शिल्लक पाहण्यासारखे ते होय. या गुणधर्माचा एक फायदाही आहे. एखादा दिवस गोळी राहून गेली तर अनर्थ होत नाही. मात्र तपासणी जवळ आली की आठ दिवस नेमाने गोळी घ्यायची आणि एरवी विसरायची, असे केल्यास अहवाल डॉक्टरांची दिशाभूल करतो. केसांसाठी बायोटिन असलेल्या गोळ्या घेत असल्यास तपासणीपूर्वी किमान दोन दिवस त्या बंद ठेवाव्यात. त्या चाचणीच्या आकड्यात गोंधळ घालतात.

वजन घटविण्यासाठी मनाने मात्रा वाढविणे धोक्याचे आहे. जादा थायरॉक्सिनने हृदयाची लय बिघडते आणि पाळी गेलेल्या स्त्रियांची हाडे ठिसूळ होतात.

योगासनांविषयीही येथे विचारणा होते, आणि ती स्वाभाविक आहे. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये स्थापन केलेली कैवल्यधाम ही संस्था आपल्या शेजारीच आहे. योगाभ्यासाने शरीर-मनाला लाभ होतो. पण गोळीची जागा तो घेऊ शकत नाही, आणि सर्वांगासनासारखी आसने रक्तदाब वा मानेचा विकार असलेल्यांनी जाणकारांना विचारल्याखेरीज करू नयेत. हवापालटासाठी माणसे पिढ्यान् पिढ्या घाट चढून या गावी आली. येथील हवेने उत्साह वाढतो; थायरॉक्सिन वाढत नाही.

दुसऱ्या आजाराच्या औषधांनी बिघडणारा तोल

काही वेळा ग्रंथीचा तोल दुसऱ्याच आजाराच्या उपचारांमुळे ढळतो. मावळात क्षयरोगाचा अनुभव जुना आहे, म्हणून त्याचा उल्लेख आधी करतो. नेहमीच्या क्षयरोग-उपचारातील रिफाम्पिसिन हे औषध यकृतात थायरॉक्सिनचा निचरा वेगाने करते. आधीपासून थायरॉईडची गोळी घेणाऱ्या रुग्णाची गरज त्या काळात वाढू शकते व उपचार संपल्यावर पुन्हा घटते. बहुऔषध-प्रतिरोधक क्षयरोगात वापरली जाणारी इथिओनामाईड आणि पास ही औषधे तर ग्रंथीचे उत्पादनच रोखतात. एच.आय.व्ही. आणि असा क्षयरोग दोन्ही असलेल्या मुंबईतील रुग्णांचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तपासलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना उपचारादरम्यान हायपोथायरॉईडिझम झाल्याचे दिसले. २०२४ मध्ये केंद्र शासनाने मान्य केलेल्या सहा महिन्यांच्या नव्या उपचारपद्धतीत ही दोन औषधे नाहीत, ही दिलाशाची बाब होय. परंतु ज्यांना ती अद्याप घ्यावी लागतात त्यांनी थकवा आणि सुस्ती यांचा दोष केवळ क्षयरोगास देऊ नये, टी.एस.एच. तपासून घ्यावे. औषधांमुळे आलेला हा दोष ती बंद झाल्यावर बहुधा निघून जातो. त्यासाठी क्षयरोगाचा उपचार मात्र कदापि थांबवू नये.

हृदयाच्या लयीसाठी दिल्या जाणाऱ्या ॲमिओडॅरोनच्या २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असते. प्रौढ माणसाची दिवसाची गरज १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे हा पुरवठा गरजेच्या शेकडो पट. त्याने ग्रंथी मंदही होते किंवा अतिक्रियाशीलही. मानसिक विकारांत दिले जाणारे लिथियम, फेफऱ्यावरील काही औषधे आणि कर्करोगावरील नवी प्रतिकारशक्ती-उपचारांची औषधे यांच्या काळातही ठरावीक अंतराने तपासणी करावी लागते. कोणत्याही विभागात गेल्यावर आपल्या सर्व औषधांची यादी दाखवावी, असे आम्ही आग्रहाने सांगतो, त्याचे कारण हेच.

ग्रंथी अतिक्रियाशील असताना दिल्या जाणाऱ्या कार्बिमाझोलसंबंधी एक सूचना ठळकपणे लक्षात ठेवावी. या गोळ्या चालू असताना ताप आला आणि घसा दुखू लागला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे व रक्तातील पांढऱ्या पेशींची तपासणी करून घ्यावी. क्वचित प्रसंगी या औषधाने त्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटतात. हा विकार काहींच्या बाबतीत किरणोत्सारी आयोडीनने आटोक्यात आणावा लागतो. त्याची सोय मुंबईत परळ येथे आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून तेथे कार्यरत आहे. हा उपचार गरोदर वा अंगावर पाजणाऱ्या मातेस देत नाहीत आणि त्यानंतर किमान सहा महिने गर्भधारणा टाळावी लागते. उपचारानंतर ग्रंथी बहुधा मंद होते व थायरॉक्सिन सुरू करावे लागते. हे उपचाराचे अपयश नव्हे. ते अपेक्षितच असते.

गरोदरपण : गोळी बंद करण्याची वेळ नव्हे

'बाळाला गोळीचा त्रास होईल' या भीतीने दिवस राहताच थायरॉक्सिन बंद करणाऱ्या भगिनी आजही भेटतात. यातील धोका समजून घेतला पाहिजे. गर्भाची स्वतःची ग्रंथी सुमारे दहा ते बारा आठवड्यांनी संप्रेरक बनवू लागते आणि पुरेसे काम करण्यास पाचवा महिना उजाडतो. तोवर बाळाच्या मेंदूच्या वाढीस लागणारे थायरॉक्सिन आईच्याच रक्तातून येते. म्हणजे ज्या महिन्यांत आई भीतीपोटी गोळी सोडते, त्याच महिन्यांत बाळाला तिची सर्वाधिक गरज असते. उपचाराविना राहिलेल्या तुटीने गर्भपात, अपुऱ्या दिवसांची प्रसूती आणि रक्तदाब यांचा धोका वाढतो.

गोळी बंद करायची नसते इतकेच नव्हे, तर गरोदरपणात तिची मात्रा साधारणतः २५ ते ३० टक्क्यांनी वाढवावी लागते. म्हणून दिवस राहिल्याची शंका येताच, नावनोंदणीची वाट न पाहता, डॉक्टरांस कळवावे. पहिल्या साडेचार-पाच महिन्यांत दर चार आठवड्यांनी व पुढे तिसाव्या आठवड्याच्या सुमारास टी.एस.एच. तपासतात. प्रसूतीनंतर मात्रा पूर्ववत करतात. अंगावर पाजत असतानाही ही गोळी निर्धास्त घेता येते. अतिक्रियाशील ग्रंथीच्या रुग्णांनी मात्र गर्भधारणेचे नियोजन आधी डॉक्टरांशी बोलूनच करावे, कारण पहिल्या तीन महिन्यांत औषध बदलावे लागू शकते.

'माझ्या मुलीला होईल का?'

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. वडिलांच्या पश्चात सात-बाऱ्यावर सर्व मुलांची नावे लागतात, तसा थायरॉईडचा विकार सर्व अपत्यांच्या नावे होत नाही. विकार कोणता आहे त्यावर उत्तर ठरते.

हाशिमोतो आणि ग्रेव्ह्ज हे दोन्ही स्वप्रतिकारक विकार कुटुंबांत एकत्र आढळतात, हे खरे. आई, बहीण वा मावशी यांना विकार असेल तर मुलीचा धोका इतरांहून कित्येक पट अधिक असतो. पण पुढे येते ती प्रवृत्ती, आजार नव्हे. याचा पुरावा एकसारख्या जुळ्या भावंडांत सापडतो. त्यांची गुणसूत्रे जवळजवळ तंतोतंत सारखी असतात. डेन्मार्कमधील अभ्यासांत अशा जोडीतील एकाला ग्रेव्ह्ज विकार असता दुसऱ्याला तो होण्याचे प्रमाण सुमारे एकतृतीयांश आढळले; हाशिमोतोमुळे होणाऱ्या हायपोथायरॉईडिझममध्ये ते निम्म्याच्या थोडे वर होते. म्हणजे वारसा संपूर्ण सारखा असूनही अनेकांना आजार होत नाही. उरलेला भाग वय, प्रसूती, धूम्रपान, आयोडीनचे अतिप्रमाण यांसारख्या गोष्टींचा असतो.

तेव्हा व्यवहारात करायचे काय? निरोगी मुलामुलींच्या दरवर्षी तपासण्या करीत बसण्याची गरज नाही. शाळकरी मुलाची उंची वाढणे मंदावले, गळ्याला सूज दिसली, मुलीची पाळी अनियमित झाली किंवा अकारण थकवा टिकून राहिला, तर टी.एस.एच. पाहावे. घराण्यात विकार असलेल्या मुलीने विवाहानंतर गर्भधारणेपूर्वी, निदान दिवस राहताच, ही एक तपासणी करून घ्यावी. एवढी दक्षता पुरेशी आहे.

ग्रेव्ह्ज विकाराच्या मातेच्या बाबतीत एक वेगळी गोष्ट घडू शकते. ग्रंथीस चेतविणारी प्रतिपिंडे आईच्या रक्तातून वारेवाटे बाळाकडे जातात आणि क्वचित नवजात बाळाची ग्रंथी काही काळ अतिक्रियाशील होते. हा वारसा नव्हे. ही उसनवारी आहे. आईकडून आलेली प्रतिपिंडे काही आठवड्यांत वा महिन्यांत संपतात आणि बाळ पूर्ववत होते. मात्र आईची ग्रंथी पूर्वीच शस्त्रक्रियेने काढली असली तरी ही प्रतिपिंडे तिच्या रक्तात राहू शकतात. म्हणून जुन्या आजाराची माहिती प्रसूतितज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ या दोघांनाही द्यावी.

जन्मजात हायपोथायरॉईडिझमचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. त्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे ग्रंथी घडतानाच न बनणे किंवा अपुरी बनणे; हे बहुतेक वेळा घराण्यात चालत आलेले नसते. पण काही बाळांत ग्रंथी असते आणि संप्रेरक बनविण्याची क्रियाच सदोष असते. हा दोष आई व वडील या दोघांकडून आला तरच प्रकट होतो आणि तेव्हा प्रत्येक अपत्यास तो होण्याची शक्यता २५ टक्के असते. नात्यातील विवाहांत एकच दोष दोघांकडे असण्याचा संभव वाढतो. मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी विवाहाची चाल आपल्याकडे आहे. अशा कुटुंबात एका बाळास हा विकार झाला असेल तर पुढील अपत्यापूर्वी आनुवंशिकता-सल्ला घेणे हिताचे.

मुंबईच्या वाडिया बाल रुग्णालयातील डॉ. मीना देसाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी नवजात बालकांची तपासणी करून १९९४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत दर २,६४० बाळांमागे एकास हा विकार आढळला. पाश्चात्त्य देशांत त्या काळी सांगितल्या जाणाऱ्या प्रमाणाहून हे अधिक होते. गोवा शासनाने २००८ मध्ये नवजात बालकांच्या तपासणीचा उपक्रम हाती घेतला आणि २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही या विकाराची दखल घेतलेली आहे. तरीही देशातील प्रत्येक बाळाची ही तपासणी होत नाही. बाळ जन्मतः निरोगीच दिसते. पुढे त्याचे रडणे घोगरे होते, कावीळ लांबते, दूध पिण्यात सुस्ती येते आणि ही चिन्हे ओळखू येईतो मेंदूचे नुकसान सुरू झालेले असते. जन्मानंतर तिसऱ्या दिवसाच्या सुमारास टाचेतून घेतलेले रक्ताचे काही थेंब हे नुकसान टाळू शकतात. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर मूल इतर मुलांसारखेच वाढते, शाळेत जाते. आमच्या मते या अहवालातील कोणतीही गोष्ट विसरली तरी चालेल, पण प्रसूतीनंतर घरी जाण्यापूर्वी 'बाळाची थायरॉईड तपासणी झाली का?' हा प्रश्न विचारण्यास कोणी विसरू नये.

थायरॉईडच्या कर्करोगापैकी 'मेड्युलरी' हा विरळा प्रकार मात्र सुमारे एकचतुर्थांश रुग्णांत घराण्यातून आलेला असतो. आई किंवा वडील यांपैकी एकाकडे दोष असला तरी प्रत्येक अपत्यास तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. १९९३ मध्ये त्यास कारणीभूत असलेला 'रेट' जनुकातील दोष सापडला. त्यामुळे अशा कुटुंबातील मुलांची रक्ततपासणी करून, दोष असल्यास आजार उद्भवण्यापूर्वीच ग्रंथी काढणे शक्य झाले आहे. येथे माहिती लपविणे म्हणजे भावंडांची संधी हिरावून घेणे होय.

विवाहाच्या बोलणीत मुलीची गोळी लपविण्याचा प्रकार सर्वज्ञात आहे. लपविलेली गोळी सासरी गेल्यावर पहिल्या महिन्यातच बंद पडते, कारण ती सर्वांदेखत घेता येत नाही. आणि पुढे गर्भपात झाला की त्याचा दोषही तिच्याच माथी येतो. वास्तविक नियमित उपचार घेणारी स्त्री संसार, नोकरी, मातृत्व सारे काही इतरांइतकेच करू शकते. वरपक्षानेही या गोळीकडे चष्म्याच्या नंबराकडे पाहतात तसे पाहावे.

खर्चाविषयी

आमचा विषय अखेर खर्चाचा, म्हणून थोडे त्याविषयी. लेव्होथायरॉक्सिन राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीत समाविष्ट आहे व त्याच्या किमतीवर शासनाचे नियंत्रण आहे. गोळी महाग नाही. खर्च वाढतो तो अनावश्यक तपासण्यांनी. हायपोथायरॉईडिझमचे निदान झालेल्या आणि मात्रा स्थिरावलेल्या प्रौढ रुग्णास सहसा वर्षातून एक-दोनदा केवळ टी.एस.एच. पुरते, प्रत्येक वेळी सर्व चाचण्यांचा संच किंवा प्रतिपिंडांची चाचणी लागत नाही. असे लिहिल्याने आमच्याच प्रयोगशाळेची जमा काहीशी घटेल, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु धर्मादाय रुग्णालयाच्या ताळेबंदात रुग्णाची वाचलेली रक्कम हीदेखील जमेचीच बाजू समजली पाहिजे.

मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या आणि २००६ पासून लागू असलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी राखीव असतात आणि एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. ज्यांना खर्च झेपत नाही त्यांनी संकोच न करता नोंदणीच्या वेळीच समाजसेवा अधिकाऱ्यास भेटावे. पैशांअभावी गोळी सोडली, असे सांगण्याची वेळ कोणावर येऊ नये.

समारोप

थायरॉईडचा विकार हा असा हिशेब आहे की जो एकदा मांडून मिटत नाही. पण रोजच्या एका गोळीने, वेळच्या वेळी केलेल्या तपासणीने आणि घरच्यांशी मोकळेपणाने बोलण्याने तो कधी तुटीतही जात नाही. पुढील पिढीस आपण प्रवृत्ती देऊ की नाही, हे आपल्या हाती नाही. तिला माहिती देणे मात्र पूर्णपणे आपल्या हाती आहे. आपले निदान, गोळीची मात्रा आणि तपासणीच्या तारखा एका वहीत लिहून ठेवाव्यात व ती वही लेकीसुनांना दाखवून ठेवावी, एवढीच वाचकांस नम्र विनंती.